ऑस्ट्रेलियात घर बघायला जाताना भिंतीवरचं सॉकेटही बघा

मेलबर्न किंवा सिडनीच्या उपनगरांत शेजारशेजारच्या दोन गल्ल्यांत इंटरनेटच्या वेगात दहापट फरक असू शकतो. घरं सारखी, भाडं सारखं, महिन्याचं बिलही जवळपास तेवढंच. पण एका घरात ५०० एमबीपीएसचा (सेकंदाला ५०० मेगाबिट) प्लॅन आरामात चालतो आणि दुसऱ्या घरात कितीही पैसे मोजायची तयारी असली तरी वेग ५० च्या वर जात नाही. पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसाला हे पटकन पचत नाही. तिकडे शहरात फायबरवाल्याला फोन केला की एक-दोन दिवसांत माणूस तारेचं वेटोळं खांद्यावर टाकून हजर होतो, आणि एक कंपनी पटली नाही तर दुसरीची तार गच्चीवरून खाली येते. इथे घराला कोणती तार आली आहे हे बहुतेक वेळा तुम्ही देशात पाऊल ठेवायच्या कितीतरी वर्षं आधी ठरून गेलेलं असतं. कंपनी कोणतीही घ्या, ती त्याच तारेवरून सेवा देते.

त्यामुळे नवीन आलेली मंडळी पहिल्याच आठवड्यात विचारतात तो प्रश्न, ‘इंटरनेटसाठी कुठली कंपनी चांगली?’, हा खरं तर दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न: या पत्त्याला कुठली तार आहे? आणि तो भाडेकरारावर सही करण्याआधी विचारायचा आहे, सामान हलवून झाल्यावर नाही.

फोनची तार आणि टीव्हीची तार

आजचा हा गोंधळ कळायचा तर साधारण २००० ते २०१५ या काळात डोकावावं लागतं. तेव्हा उपनगरात राहणाऱ्यापुढे निवड असायची ती केबल की एडीएसएल. गंमत म्हणजे यातली एकही तार मुळात इंटरनेटसाठी टाकलेली नव्हती. एडीएसएल चालायचं टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर. ही तार सरकारी टेलिफोन खात्याने गेल्या शतकात घरोघरी पोचवली आणि पुढे ती टेल्स्ट्रा या टेलिफोन कंपनीच्या मालकीची झाली. केबल इंटरनेट चालायचं पे-टीव्हीसाठी टाकलेल्या जाड कोॲक्सिअल तारेवर.

आधी तांब्याचं बघू. फोनवरच्या बोलण्याला ४ किलोहर्ट्झपर्यंतची पट्टी पुरते. त्याच तारेवर त्याच्या वरच्या कंप्रता रिकाम्या पडलेल्या असतात. एडीएसएल त्या वापरतं: साधारण २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंत, आणि त्याची पुढची आवृत्ती एडीएसएल२+ थेट २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. म्हणूनच फोन चालू असताना नेटही चालू राहायचं. फक्त घरातल्या प्रत्येक फोनच्या सॉकेटला एक छोटा फिल्टर लावावा लागायचा. एखाद्या खोलीतला फिल्टर राहून गेला की फोनवर खरखर सुरू व्हायची आणि नेट सारखं तुटायचं. कित्येक घरांत आठवडाभर छळणाऱ्या बिघाडाचं कारण स्वयंपाकघरातला विसरलेला एक फोन एवढंच निघायचं.

तांब्याची खरी अडचण अंतराची आहे. तार जितकी लांब तितका संदेश क्षीण होतो, आणि वरच्या कंप्रता सगळ्यात आधी मरतात. वेग तर त्याच वरच्या कंप्रतांमधून मिळणार असतो. एडीएसएल२+ चा कागदावरचा वेग २४ एमबीपीएस. टेलिफोन एक्सचेंजपासून दीड किलोमीटरच्या आत घर असेल तर वीसच्या आसपास मिळायचा, तीन किलोमीटरवर आठाच्या घरात, चार किलोमीटरच्या पुढे जेमतेम चार-पाच, आणि त्याहून फार लांब असलात तर सेवाच नाही. हे अंतर नकाशावर सरळ रेघ मारून मोजायचं नाही. तार रस्त्यांच्या वळणांनी, फुटपाथखालच्या खड्ड्यांतून येते. नकाशावर दीड किलोमीटर दिसणाऱ्या घराची तार सहज अडीच किलोमीटर भरायची. मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर संदेशाची घट डेसिबलमध्ये दिसते. एका किलोमीटरला साधारण तेरा-चौदा डेसिबल धरले की तार खरोखर किती लांब आहे याचा चांगला अंदाज यायचा. घर बदलायचा विचार करणारे जाणकार लोक आधी तो आकडा विचारायचे.

काही वसाहतींत तर अंतराचा प्रश्न यायच्या आधीच गाडी अडायची. नव्या वस्त्यांमध्ये एक्सचेंजपासून प्रत्येक घरासाठी स्वतंत्र तांबं ओढण्याऐवजी रस्त्याकडेच्या पेटीत यंत्र बसवून अनेक घरांचे फोन एकत्र पुढे पाठवले जायचे. फोनसाठी ही सोय उत्तम होती. पण एक्सचेंजमधून निघालेलं एडीएसएल त्या पेटीच्या पलीकडे जाऊ शकत नव्हतं, आणि पेटीतच एडीएसएलची सोय केली तर पोर्ट, म्हणजे जोडणीच्या जागा, मोजके असायचे. ‘पोर्ट शिल्लक नाही’ हे उत्तर ऐकून लोक महिनोन्‌महिने कुणीतरी घर सोडून जायची वाट बघत बसायचे. मेलबर्नच्या पश्चिमेला पॉइंट कुकमध्ये ही तक्रार वर्षानुवर्षं गाजली. कोरी करकरीत घरं, मोठे रस्ते, आणि इंटरनेट डोंगलवर.

आता केबल. १९९० च्या दशकाच्या मध्यावर टेल्स्ट्रा आणि ऑप्टस या दोन कंपन्यांनी पे-टीव्हीसाठी अक्षरशः शर्यत लावून तारा टाकल्या. दोघींनीही मुख्यतः मोठ्या शहरांतली, पैसे मिळतील अशी उपनगरं निवडली, आणि बऱ्याच ठिकाणी एकाच रस्त्यावर, एकाच विजेच्या खांबांवरून दोघींच्या तारा समांतर गेल्या. टेल्स्ट्राची केबल सुमारे २५ लाख घरांसमोरून गेली, ऑप्टसची सुमारे २२ लाख, आणि यातली बरीच घरं दोन्हीकडे मोजलेली होती. खांबांवर लोंबणाऱ्या काळ्या तारांविरुद्ध रहिवाशांनी तेव्हा आवाजही उठवला होता. १९९७ च्या सुमाराला दोन्ही कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि काम थांबलं. ज्या रस्त्यापर्यंत तार पोचली होती तिथपर्यंत केबल, पुढच्या रस्त्यापासून फक्त तांबं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी टीव्हीचे ग्राहक मिळवण्यासाठी मारलेली ती रेघ आजही तुमच्या इंटरनेटचा वेग ठरवते आहे.

केबलचं तंत्र तांब्याच्या नेमकं उलट वागतं. इथे उपनगरापर्यंत फायबर येतं, तिथल्या एका नोडपासून, म्हणजे वाटपाच्या पेटीपासून पुढे कोॲक्सिअल तार घरोघरी जाते, आणि वाटेत संदेश वाढवणारे ॲम्प्लिफायर बसवलेले असतात. त्यामुळे तुमचं घर नोडपासून शंभर मीटरवर आहे की हजार, याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते वाटेकऱ्यांमुळे. एका नोडवरची काहीशे घरं एकच क्षमता वाटून घेतात. चाळीतल्या सामायिक टाकीसारखं हे आहे: दुपारी नळाला धो धो पाणी, सकाळी सातला करंगळीएवढी धार. केबलची ‘सकाळी सात’ म्हणजे संध्याकाळी सात ते अकरा, जेव्हा सगळं उपनगर टीव्हीसमोर बसलेलं असतं.

तरीही केबलचा वरचा टप्पा तांब्याच्या आवाक्याबाहेरचा होता. डिसेंबर २००९ मध्ये टेल्स्ट्राने मेलबर्नच्या केबलवर १०० एमबीपीएसचा वेग आणला, आणि पुढच्या वर्षी ऑप्टसही त्या वाटेने गेली. त्याच काळात तीन किलोमीटरवरचा एडीएसएलवाला आठ एमबीपीएसवर समाधान मानत होता. अपलोड मात्र केबलवरही दोन एमबीपीएसच्या आसपासच रेंगाळत होतं, कारण वर जाणाऱ्या संदेशांना तारेतली अरुंद, खालची पट्टी दिलेली होती.

मग लोक ठरवायचे कसं? केबल घरापर्यंत येत असेल, फारशी गर्दी नसेल, आणि टेल्स्ट्रा किंवा ऑप्टस यांपैकी एकीचा भाव परवडत असेल तर केबल. तांब्यावर मात्र डझनावारी कंपन्या होत्या. आयआयनेट, इंटरनोड यांनी २००५ च्या सुमारास एक्सचेंजमध्ये स्वतःची यंत्रं बसवून एडीएसएल२+ दिलं आणि भाव खाली खेचले, डेटाची मर्यादाही सैल केली. तेव्हा डेटा मोजून मिळायचा, काही प्लॅनमध्ये तर अपलोडही हिशेबात धरायचे. त्यामुळे एक्सचेंजजवळ राहणाऱ्या माणसाने एडीएसएल घेणं हा मुळीच कमीपणाचा निर्णय नव्हता. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना बहुतेक वेळा पर्यायच नसायचा. केबल इमारतीत आणायला मालकसंघाची परवानगी लागायची आणि ती मिळणं अवघड होतं.

मग एनबीएन आलं

एप्रिल २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन सरकारने राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळ्याची, म्हणजे एनबीएनची घोषणा केली. मूळ योजना साधी होती: देशातल्या ९० टक्के, आणि पुढे वाढवून ९३ टक्के घरांना थेट फायबर, उरलेल्यांना वायरलेस आणि उपग्रह. जुनं तांबं बंद करायचं, केबलवरचं इंटरनेटही बंद करायचं. एनबीएन ही सरकारी कंपनी जाळं उभारणार, ग्राहकांना ती स्वतः काही विकणार नाही. विकणार टेल्स्ट्रा, ऑप्टस, टीपीजी, ऑसी ब्रॉडबँड आणि इतर कितीतरी कंपन्या, सगळ्या त्याच तारेवरून.

२०१३ मध्ये सरकार बदललं आणि योजनाही बदलली. सगळीकडे फायबर नेण्याऐवजी जे आहे ते वापरा, स्वस्तात आणि लवकर काम उरका, असं धोरण आलं. टेल्स्ट्राचं तांबं आणि दोन्ही कंपन्यांची केबल एनबीएनने ताब्यात घ्यायची ठरलं. पुढे काय झालं? ऑप्टसची केबल चालवण्याजोगी नाही असं लक्षात आल्यावर २०१६ मध्ये ती जवळपास सगळी सोडून द्यावी लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये टेल्स्ट्राच्या केबलवरची जोडणी सारखी तुटते म्हणून नवी विक्री काही महिने थांबवावी लागली. २९.५ अब्ज डॉलरमध्ये होणार म्हणून सांगितलेलं काम पुढे ५१ अब्जांवर गेलं. आणि आता तेच तांबं काढून त्याजागी फायबर टाकायला पुन्हा अब्जावधी डॉलर खर्च होत आहेत. हा निर्णय चुकला, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याची किंमत सगळ्यात जास्त मोजली ती तांब्याच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या लोकांनी, आणि त्यातले बरेच जण शहराच्या कडेला स्वस्त भाड्यासाठी गेलेले नवे स्थलांतरित होते.

याचा आजचा परिणाम असा की शहरी उपनगरांतलं एडीएसएल गेलं, केबलवरची जुनी सेवा गेली, पण त्या दोन्ही तारा नव्या नावांनी भिंतीत आहेत. ‘केबल की एडीएसएल’ हाच प्रश्न आता ‘एचएफसी की एफटीटीएन’ असा विचारला जातो.

एफटीटीएन म्हणजे फायबर रस्त्यावरच्या हिरव्या पेटीपर्यंत, पुढे जुनं तांबं. एक्सचेंजऐवजी पेटी जवळ आली म्हणून वेग वाढला, पण अंतराचा नियम तोच. पेटीपासून तीन-चारशे मीटरच्या आत असाल आणि तांबं चांगलं असेल तर १०० एमबीपीएसच्या जवळपास पोचता. किलोमीटरच्या आसपास असाल तर पंचवीस-तीसवर थांबता. जोरदार पाऊस झाला, फुटपाथखालच्या खड्ड्यात पाणी भरलं की जुने जोड भिजून वेग आणखी पडतो. २०१७ मध्ये टेल्स्ट्राने सुमारे ४२,००० ग्राहकांना भरपाई द्यायचं कबूल केलं, कारण त्यांना विकलेला वेग त्यांच्या तारेवर मिळणं शक्यच नव्हतं. ऑप्टस आणि टीपीजीवरही तशीच वेळ आली. त्यानंतर नियम कडक झाले. तांब्यावरची जोडणी सुरू झाल्यावर तुमच्या तारेला कमाल किती वेग झेपतो हे कंपनीने तपासून सांगायला हवं, आणि घेतलेला प्लॅन तिथे बसत नसेल तर तुम्हाला दंडाशिवाय खालच्या प्लॅनवर जाता यायला हवं किंवा बाहेर पडता यायला हवं. हा हक्क लक्षात ठेवा. ग्राहक मागत नाही तोवर फोनवरचा माणूस तो आपणहून क्वचितच सांगतो.

एचएफसी म्हणजे तीच टेल्स्ट्राची जुनी केबल, आता एनबीएनची. मधल्या काळात एनबीएनने नोडवरच्या घरांची संख्या कमी करत नेली आहे आणि यंत्रं नवी केली आहेत, त्यामुळे २०१० च्या दशकातली संध्याकाळची रड आता तितकी उरलेली नाही. सप्टेंबर २०२५ पासून फायबर आणि एचएफसी या दोन्हींवर जुना १०० एमबीपीएसचा प्लॅन ५०० चा झाला, अपलोड २० वरून ५० झालं. २५० चा ७५० झाला. एफटीटीएनवाल्यांना यातलं काहीच मिळालं नाही, कारण तांब्याला ते झेपणारच नाही. सुरुवातीला सांगितलेला दहापट फरक येतो तो इथून.

या दोघांशिवाय एफटीटीपी आहे, म्हणजे थेट घरात फायबर. ते असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही, घ्या. आणि एफटीटीसी आहे, ज्यात फायबर घरासमोरच्या खड्ड्यापर्यंत येतं आणि शेवटचे काही मीटर तांबं असतं. वेग चांगला, १०० पर्यंत. पण त्या खड्ड्यातल्या यंत्राला वीज तुमच्या घरातल्या छोट्या डब्यातून तांब्यावरूनच उलटी जाते, आणि विजा कडाडणाऱ्या भागांत ते डबे जळण्याच्या तक्रारी बऱ्याच झाल्या. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये हे विशेष दिसलं.

इन्स्पेक्शनला गेल्यावर काय बघायचं

एनबीएनच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की त्या घराचं तंत्र दिसतं. हे घर बघायला जायच्या आदल्या रात्री करा. पण प्रत्यक्ष भिंत बघणं तरीही गरजेचं आहे. ओपन इन्स्पेक्शनला, म्हणजे घर सगळ्यांना एकदम दाखवतात तेव्हा, पंधरा मिनिटं मिळतात, वीस माणसं घरात फिरत असतात, आणि आपण कपाटं उघडून बघण्यात गुंततो. त्यातली दोन मिनिटं बैठकीच्या खोलीच्या भिंतीला द्या.

भिंतीवर मध्यभागी बारीक भोक असलेलं, तार पेच फिरवून लावायचं गोल सॉकेट दिसलं आणि त्याच्या शेजारी चार दिव्यांचा पांढरा उभा डबा असेल तर ते एचएफसी. डब्यावर वीज, येणारा संदेश, जाणारा संदेश आणि जोडणी असे चार दिवे असतात, चारही स्थिर असले की सगळं ठीक. डबा चालू स्थितीत असेल तर प्लॅन घेतल्यावर बऱ्याचदा त्याच दिवशी नेट सुरू होतं. सॉकेट आहे पण डबा नाही, असं असेल तर एजंटला विचारा. आधीचा भाडेकरू तो आपला समजून घेऊन गेलेला असू शकतो. तो डबा घराचा असतो, भाडेकरूचा नाही, आणि तुम्हीही घर सोडताना तो तिथेच ठेवायचा आहे. फक्त आपला राउटर उचलायचा.

टीव्हीच्या अँटेनाचं सॉकेटही गोल असतं, त्यावरून घोटाळा होतो. अँटेनाच्या जुन्या सॉकेटला बहुधा पेच नसतो, नव्याला असूही शकतो. खात्री हवी असेल तर बाहेर या आणि वर बघा. रस्त्याच्या खांबांवर विजेच्या तारांच्या खाली एक जाड काळी तार सलग गेलेली दिसली, तिच्यावर मधूनमधून लंबट पेट्या लटकत असल्या आणि तिची एक फांदी या घराच्या छपराखाली आली असेल, तर ती केबल. मात्र ती ऑप्टसची सोडून दिलेलीही असू शकते, म्हणून संकेतस्थळावरचं उत्तर आणि भिंतीवरचा डबा हाच शेवटचा पुरावा धरा.

भिंतीवर फक्त फोनचं चौकोनी सॉकेट आणि पांढरा डबा कुठेच नाही, असं असेल तर बहुधा एफटीटीएन. मग शेवटच्या भाडेकरूला किती वेग मिळत होता ते एजंटमार्फत विचारा. उत्तर मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर किमान येता-जाता हिरवी पेटी किती लांब आहे ते बघून ठेवा. आणि तुम्ही दोघंही घरून काम करणार असाल तर दुसऱ्या घराचा विचार मनात ठेवा. एवढ्यासाठी घर सोडायचं का, असं वाटेल. रोज सकाळी मीटिंगमध्ये आवाज तुटणाऱ्या माणसाला विचारा.

अपलोडकडे आपलं लक्षच नसतं

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो डाउनलोडचा वेग. आपल्या मंडळींना अपलोड तितकंच लागतं. मेलबर्न-सिडनीत रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत हिवाळ्याच्या वेळेने दुपारचे साडेचार आणि इथल्या उन्हाळी वेळेने साडेतीन झालेले असतात. तिकडे आजी-आजोबांची दुपारची झोप होऊन चहा चढलेला असतो, आणि व्हिडिओ कॉल नेमका तेव्हाच लागतो. म्हणजे इथली ऐन गर्दीची वेळ. त्यांचा चेहरा तुम्हाला किती स्वच्छ दिसतो हे तुमच्या डाउनलोडवर आणि त्यांच्या अपलोडवर ठरतं. नातवंडाचा चेहरा त्यांना किती स्वच्छ दिसतो हे मात्र तुमच्या अपलोडवर.

एका चांगल्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. अडचण तेव्हा येते जेव्हा त्याच वेळी फोन दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवत असतो आणि दुसऱ्या खोलीत कुणी ऑफिसची मोठी फाइल पाठवत असतं. तांब्यावरच्या बऱ्याच घरांत अपलोड पाच-दहाच्या आसपास असतं, ते पूर्ण भरतं. आणि अपलोड भरलं की डाउनलोडही अडखळतं, कारण आलेल्या प्रत्येक माहितीची पोच वर पाठवावी लागते आणि ती पोच रांगेत अडकून बसते. लोक म्हणतात, ‘स्पीड टेस्टमध्ये ४० दाखवतंय, तरी व्हिडिओ का थांबतो?’ फोटोंचा बॅकअप मध्यरात्रीनंतर होईल असं लावून बघा. काही राउटरमध्ये अपलोडला मर्यादा घालायची सोय असते, ती खऱ्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर लावा. तांब्यावर राहणाऱ्यांना याचा जितका उपयोग होतो तितका महागडा राउटर घेऊनही होत नाही.

कंपनी निवडण्याचा प्रश्न आता येतो, आणि तो तुलनेने सोपा आहे. तार तीच असली तरी प्रत्येक कंपनी आपल्या ग्राहकांसाठी किती क्षमता विकत घेऊन ठेवते यात फरक असतो, आणि तो संध्याकाळी कळतो. म्हणून प्लॅनवर संध्याकाळी सात ते अकरा या वेळेतला नेहमीचा वेग लिहिलेला असतो. तोच आकडा बघायचा. एसीसीसी ही ग्राहकहिताची सरकारी संस्था २०१८ पासून घरोघरी मोजमाप यंत्रं बसवून कंपन्यांच्या वेगाचे अहवाल जाहीर करते, तेही चाळून बघण्यासारखे आहेत. सुरुवातीच्या सहा महिन्यांची सवलत संपल्यावर भाव किती होतो ते वाचा. बहुतेक प्लॅन महिन्या-महिन्याचे असतात, त्यामुळे सवलत संपली की कंपनी बदलायला काहीच हरकत नाही. एकच अट तपासा: ‘फुकट’ मॉडेम दोन-तीन वर्षं टिकून राहिलात तरच फुकट असतो.

तांब्यावर अडकलेल्या भाडेकरूंना ५जी होम इंटरनेट हा आजचा खराखुरा पर्याय आहे. टॉवर जवळ असेल तर एफटीटीएनला सहज मागे टाकतं. पण तीही वाटून घेतलेली क्षमताच आहे, म्हणून आधी एक महिना घेऊन रात्री नऊला तपासा.

घर बांधत असाल तर

टार्नीट, स्कोफिल्ड्स अशा नव्या वस्त्यांत हाउस-अँड-लँड, म्हणजे जमीन आणि त्यावरचं नवं घर एकत्र घेणाऱ्यांच्या बाबतीत तारेचा प्रश्न बहुतेक सुटलेला असतो, कारण नव्या विकसित भागांत फायबरच टाकलं जातं. काही इस्टेटमध्ये ते एनबीएनचं नसून ऑप्टिकॉमसारख्या खासगी कंपनीचं असतं. तिथे सेवा देणाऱ्या कंपन्यांची यादी वेगळी असते, तेवढं सही करण्याआधी बघून घ्या.

नव्या घरातली चूक निराळी असते. बिल्डर फायबरचा डबा सर्रास गॅरेजमध्ये बसवतो. राउटर तिथेच ठेवला तर गॅरेजच्या एका कोपऱ्यातून वरच्या मजल्यावरच्या मागच्या बेडरूमपर्यंत वाय-फाय पोचत नाही, आणि १००० एमबीपीएसचं फायबर घेऊन लोक खोलीत ३० वर जगतात. प्लास्टर लावण्याआधी बिल्डरला सांगून गॅरेजपासून बैठकीची खोली, अभ्यासिका आणि वरच्या मजल्याचा पॅसेज एवढ्या तीन ठिकाणी तरी कॅट-६ तारेचे (घरातल्या नेटवर्कच्या तारेचे) डेटा पॉइंट टाकून घ्या. रंगसंगती ठरवायला जाता त्याच बैठकीत हे सांगायचं असतं. भिंती बंद झाल्यावर हेच काम कित्येक पट महाग पडतं.

फायबर असो की केबल, वीज गेली की घरातला डबा बंद पडतो आणि त्यावरचा फोनही. जुन्या तांब्याच्या फोनला एक्सचेंजमधून वीज मिळायची, तो काळोखातही चालायचा. घरात वयस्क आई-वडील राहत असतील, वैद्यकीय अलार्म असेल, तर चार्ज केलेला मोबाइल हाताशी असू द्या आणि अलार्म देणाऱ्याला तो मोबाइलच्या जाळ्यावर चालतो का, हे विचारून ठेवा.

जुन्या घरात एफटीटीएनवर असाल तर सगळ्यात महत्त्वाचं काम एक ई-मेल लिहिण्याचं आहे. सरकारने २०२० पासून टप्प्याटप्प्याने तांब्यावरची घरं फायबरवर न्यायला पैसे दिले आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये उरलेल्या सुमारे ६,२२,००० एफटीटीएन घरांसाठी २०३० पर्यंतचा निधी जाहीर झाला. बहुतेक घरांना हे फायबर फुकट मिळतं. फक्त ठरावीक वेगाचा किंवा त्यावरचा प्लॅन एखाद्या कंपनीकडून मागवावा लागतो. घर स्वतःचं असेल तर पत्ता टाकून तुमची पाळी आली का ते बघा आणि आली असेल तर आजच मागणी नोंदवा. भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लागते. एजंटला लिहा की एनबीएन हे काम स्वतःच्या खर्चाने करतं, भिंतीला एक छोटं भोक पडतं, आणि फायबर कायमचं घराला जोडलेलं राहतं. बरेच मालक नकार देतात ते खर्च आपल्यावर येईल या समजुतीने, त्यामुळे ‘मालकाला एक पैसाही लागणार नाही’ हे वाक्य ई-मेलच्या पहिल्याच ओळीत लिहा.